एकत्र कुटुंबात थँक्सगिव्हिंग कसा करावा? यंदा तो मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी येतो आहे

नौपाड्याची सून (ठाणे), ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार. आमचे कुटुंब मोठे आहे. नौपाड्यात एकाच मजल्यावर समोरासमोर दोन घरे असून त्यांत सासूबाई, आम्ही तिघी जावा, तिघे भाऊ आणि मुले असे सगळे राहतो. डोंबिवलीच्या नणंदबाई, मुलुंडचे चुलत दीर आणि आतेसासूबाई सहकुटुंब आल्या की पाने सव्वीस होतात. यंदा थोरल्या दिरांचा मुलगा ओहायोहून पत्नी आणि चार वर्षांच्या मुलीसह आला असून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो इथेच आहे. आमची ही पुतणसून अमेरिकन आहे. दिवाळीत तिने पहाटे उठून उटणे लावले, चकल्यांचा सोऱ्या फिरवला, भाऊबीजेला सगळ्या दिरांना ओवाळले आणि त्यातले काहीही कोणी सांगितले म्हणून केले नाही. परवा भांडी पुसताना ती माझ्या जाऊबाईंना एवढेच म्हणाली की, आईच्या घराबाहेर जाणारा हा तिचा पहिलाच थँक्सगिव्हिंग असेल. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, पण जाऊबाईंना त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींनी ठरवले की तो दिवस या घरात साजरा व्हायलाच हवा.

अडचणी मात्र लगेच पुढे आल्या. अमेरिकेतला हा कृतज्ञतेच्या जेवणाचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, म्हणजे यंदा २७ तारखेला, आणि नेमका तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे. सासूबाई गेली चाळीसहून अधिक वर्षे महालक्ष्मीचे व्रत करतात. सकाळी घट मांडायचा, दिवसभर उपास, संध्याकाळी कहाणी वाचून गोडाचा नैवेद्य आणि शुक्रवारी सकाळी उत्तरपूजा, हा क्रम त्यांनी आजारपणातही मोडलेला नाही. शिवाय आमच्याकडे महिनाभर मांसमच्छी शिजत नाही. दुसरीकडे, भाजलेल्या टर्की पक्ष्याशिवाय थँक्सगिव्हिंग कसला, असे घरातली कॉलेजला जाणारी मुले म्हणत आहेत.

माझा दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. त्या जेवणाआधी प्रत्येक जण आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगतो, असे पुतण्याने सांगितले. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानणे परकेपणाचे समजतात. माझ्या थोरल्या दिरांनी आयुष्यात कोणाला घरात धन्यवाद म्हटलेले मी ऐकलेले नाही, आणि त्यांनी या कुटुंबासाठी जे केले आहे ते सांगायला बसले तर रात्र पुरणार नाही. अशा माणसांना सव्वीस जणांसमोर बोलते कसे करावे? ज्यांनी मोठ्या गोतावळ्यात हा सण केला असेल, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नेरूळचा रहिवासी, ९ नोव्हेंबर २०२५

ताई, मी मिशिगनमध्ये चौदा वर्षे नोकरी करून नेरूळला परत आलो. त्यातली नऊ वर्षे आमचा थँक्सगिव्हिंग शेजारच्या एका मोठ्या अमेरिकन कुटुंबात झाला, त्यामुळे जे पाहिले ते लिहितो.

दिवसाची काळजी आपण करू नये. तिथेही ज्यांना माहेर आणि सासर अशी दोन घरे सांभाळायची असतात, ती मंडळी एक जेवण गुरुवारी आणि दुसरे शुक्रवारी किंवा शनिवारी करतात, आणि त्यात कोणालाही सण बाटल्यासारखे वाटत नाही. आपल्याकडे गुरुवारी सुट्टी नाही, सासूबाईंचा उपास आहे, डोंबिवली आणि मुलुंडची माणसे कार्यालयातून दमून येणार. तेव्हा शनिवार, २९ तारखेची दुपार घ्यावी. गुरुवार सर्वस्वी सासूबाईंचा राहू द्यावा आणि पुतणसुनेला त्या पूजेत बसवावे. तिच्या आईशी बोलण्याची वेळ मात्र आधी ठरवून घ्यावी. ओहायोत गुरुवारी दुपारी दोनला पाने मांडली जातात तेव्हा ठाण्यात मध्यरात्रीनंतरचे साडेबारा झालेले असतात, आणि चार वर्षांची नात तोवर जागी राहणार नाही. शुक्रवारी सकाळी साडेसातला फोन लावला, तर तिकडे गुरुवारचेच रात्रीचे नऊ असतात, सगळे जेवून निवांत बसलेले असतात आणि आजीला नात दिसते.

आता मला जे मनापासून सांगायचे आहे ते सांगतो. आपण टर्कीबद्दल विचारले, पण त्या घरात मला सर्वांत नवल कशाचे वाटले असेल, तर स्वयंपाक करणारी माणसे जेवायला बसलेली असतात याचे. सगळे पदार्थ एकदम मध्ये आणून ठेवतात, भांडी एका हातातून दुसऱ्या हातात सरकत जातात, आणि एकदा बसल्यावर स्वयंपाकघरात कोणी उरत नाही. आमच्या घरी, साताऱ्याला, मोठ्या जेवणात पुरुष आणि मुले पहिल्या पंगतीला, पाहुण्या बायका दुसऱ्या पंगतीला आणि आई, काकू, आजी सगळ्यांत शेवटी, आमटी तळाला गेल्यावर बसत असत. माझी आई पहिल्या पंगतीला बसलेली मी कधीही पाहिली नाही, आणि हे माझ्या लक्षात यायला मला पंचेचाळिसावे वर्ष उजाडावे लागले, परक्या देशातल्या एका जेवणाच्या टेबलापाशी. तोवर ती गेली होती.

म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी की, आपण पदार्थ ठरवताना एकच कसोटी लावावी: जो पदार्थ गरम गरम वाढण्यासाठी कोणाला तरी तव्यापाशी किंवा कढईपाशी उभे राहावे लागते, तो त्या दिवशी नको. पोळ्या नकोत, पुऱ्या नकोत, तळलेले पापडसुद्धा आधीच डब्यात भरलेले असावेत. आपण तिघी जावा, नणंदबाई आणि सासूबाई, सगळ्यांची पाने पहिल्याच पंगतीत मांडलेली असावीत आणि त्या पंगतीनंतर दुसरी पंगत नसावी.

खाली बसून जेवणार असाल, तर उष्ट्या हाताचा प्रश्न येतो. टेबलावर काट्या-चमच्याने जेवताना भांडे सरकवणे सोपे असते, पण भात कालवलेल्या हाताने डाव धरणे आपल्या घरांत चालत नाही. यावर आम्ही नेरूळला असा तोडगा काढला की, कोणी घास घेण्याआधीच भांडी ओळीतून फिरवायची, प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याचे पान वाढायचे, सगळी पाने भरली की जेवणाआधीचा श्लोक म्हणायचा आणि मग बोलणे. भरलेल्या पानासमोर माणसे थोडक्यात बोलतात, हाही एक फायदा आहे.

ऐरोलीची गृहिणी, १० नोव्हेंबर २०२५

मी घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेते, म्हणून स्वयंपाकापुरते लिहिते. टर्कीचा विचार यंदा सोडून द्यावा, आणि तो केवळ मार्गशीर्षामुळे नव्हे. हा पक्षी आपल्याकडे बहुधा आधी सांगून ठेवून, गोठवलेलाच मिळतो. सहा किलोच्या पक्ष्याचा बर्फ फ्रीजमध्ये सुटायला तीन दिवस लागतात, आणि व्रत चालू असलेल्या घरात तीन दिवस कच्चे मांस फ्रीजमध्ये ठेवणे आपल्या सासूबाईंवर अन्याय होईल. शिवाय तिकडे माणशी साधारण अर्धा किलोचा हिशेब धरतात, म्हणजे सव्वीस माणसांना एक पक्षी पुरत नाही, आणि आपल्या घरातल्या तीस लिटरच्या ओव्हनमध्ये एकसुद्धा नीट मावत नाही. मांसाचा सर्वांत जाड भागही ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. अर्धाकच्चा राहिला तर सव्वीस माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे.

मुलांना हे समजावून सांगावे की त्या जेवणातले टर्कीशिवायचे बहुतेक सगळे पदार्थ शाकाहारी करता येतात आणि त्यांचा कच्चा माल आपल्या गावदेवीच्या मंडईत आहे. लाल भोपळा, रताळी, मका आणि बटाटा ही चारही पिके मुळात अमेरिका खंडांतलीच आहेत. ती आपल्याकडे येऊन इतकी रुळली की आपण त्यांतली रताळी उपासालाही खातो.

तिकडच्या भोपळ्याच्या 'पाय' (pie) या भाजलेल्या गोड पदार्थाऐवजी भोपळ्याचे घारगे करावेत. दोन्हींत भोपळा, गोडी आणि जायफळ आहेच. अडीच किलो भोपळ्याचा कीस तुपावर परतून त्यात गूळ विरघळवावा, जायफळ घालावे, हवी असल्यास चिमूटभर दालचिनी आणि सुंठ घालावी, आणि निवल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक भिजवावी. पाण्याचा थेंब घालू नये. घारगे शुक्रवारी रात्री तळून ठेवले तरी शनिवारी तितकेच चांगले लागतात, त्यामुळे वर नेरूळच्या दादांनी सांगितलेली कसोटीही पाळली जाते. कुस्करलेल्या बटाट्यांसाठी पाच किलो बटाटे पुरतील. त्यात लोणी आणि गरम दूध सढळ हाताने घालावे.

स्टफिंग हा पावाच्या तुकड्यांचा पदार्थ पुतणसुनेच्या हातून करून घ्यावा, कारण तो प्रत्येक घराचा वेगळा असतो. पन्नास पाव दोन दिवस आधी आणून त्यांचे तुकडे पंख्याखाली वाळवावेत, ओला पाव घातला की लगदा होतो. सेलरी आणि कांदा लोण्यात परतून, भाज्या उकळलेले पाणी घालून ते तुकडे भिजवायचे आणि भाजायचे. त्यात घालायचा सेज नावाचा सुगंधी पाला मिळाला नाही आणि थाइमचा पालाही हाताशी नसेल, तर अगदी थोडा ओवा चुरडून घालावा. थाइमचा जो मुख्य वास असतो, तोच ओव्यातही असतो. चटणीसाठी लागणारी आंबट क्रॅनबेरी ताजी मिळणे कठीण आहे, पण सुकवलेली वाशीच्या मसाला मार्केटमध्ये सुक्या मेव्याच्या दुकानांत मिळते. ती संत्र्याच्या रसात भिजवून, थोडी साखर घालून शिजवावी. याच दिवसांत नागपूरची संत्री येतात. आंबटपणा कमी वाटला तर एक आवळा किसून घालावा.

ओव्हन लहान असेल, तर जवळच्या बेकरीत विचारून पाहावे. दिवाळीत आपण नानकटाईचे पत्रे भट्टीत भाजून आणत होतो, तसेच हे. फक्त भट्टीत अंड्याचे पदार्थही भाजले जातात, तेव्हा सासूबाईंना ते आधी सांगावे आणि त्या नको म्हणाल्या तर घरच्या ओव्हनमध्ये दोन खेपांत भाजावे.

निवृत्त शिक्षक (बेलापूर), ११ नोव्हेंबर २०२५

घरात आठ-दहा मुले असतील, तर त्यांना या दिवसाची गोष्ट कोणी तरी सांगेलच, म्हणून ती नीट सांगितली जावी एवढ्यासाठी लिहितो. १६२१ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या प्लिमथ येथे सुमारे पन्नास इंग्रज वसाहतकरी आणि वाम्पानोआग या तिथल्या मूलनिवासी जमातीचे सुमारे नव्वद पुरुष यांनी तीन दिवस एकत्र भोजन केले. वाम्पानोआग मंडळींनी पाच हरणे आणली होती. त्याआधीच्या हिवाळ्यात त्या वसाहतीतली जवळजवळ निम्मी माणसे मरण पावली होती, आणि मक्याची लागवड स्थानिकांनी शिकवली नसती तर उरलेली जगली असती की नाही, ही शंकाच आहे. परंतु पुढच्या दोन पिढ्यांत त्याच स्थानिकांची जमीन गेली आणि युद्धात त्यांची वाताहत झाली. म्हणूनच १९७० पासून प्लिमथ येथे याच दिवशी अमेरिकेतील मूलनिवासी शोकदिन पाळतात. राष्ट्रीय सण म्हणून हा दिवस लिंकन यांनी १८६३ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना जाहीर केला, आणि चौथा गुरुवार कायद्याने १९४१ मध्ये ठरला. मुलांच्या डोक्यावर पिसांचे मुकुट घालून नाटुकले बसवण्याची हौस कोणाला आली, तर ती टाळावी. ज्यांनी जेवू घातले त्यांचे पुढे काय झाले, हे मोठ्या मुलांना सरळ सांगावे. त्यांना ते समजते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. आपल्याकडे कृतज्ञता नाही असे नाही, ती शब्दांऐवजी कृतीत आहे. कोकणात आश्विनी पौर्णिमेला नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दाराला बांधतात. विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीने चोळून त्यांना "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे निमंत्रण देतात. बैलाशी जे बोलता येते ते भावाशी बोलता येत नाही, कारण भावाशी बोलण्यासाठी आपल्याकडे ठरलेले वाक्य नाही. तेव्हा आपल्या थोरल्या दिरांना आभार मानायला सांगू नये. या वर्षात घरातल्या एखाद्या माणसाने केलेली आणि इतरांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगा, एवढेच म्हणावे. कोणाचे नाव घ्यायचे आणि काय घडले ते सांगायचे. आमच्या शाळेत निरोपसमारंभाला मी हीच युक्ती करत असे. "दोन शब्द बोला" म्हटले की विद्यार्थी गप्प होत, "एक प्रसंग सांगा" म्हटले की थांबत नसत.

कोपरीची आजी, ११ नोव्हेंबर २०२५

सूनबाई, मी तुमच्या सासूबाईंच्या वयाची आहे, म्हणून एक सांगते. पदार्थ, वार आणि पाहुणे ठरवण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि त्यांना विचारा. सगळे ठरल्यावर सांगितले, तर त्या हो म्हणतील, पण आपल्या घरात आपल्याला न विचारता काही तरी शिरले असे त्यांना वाटत राहील. आणि पहिल्या पंगतीला बसा असे नुसते म्हणून त्या बसणार नाहीत. त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला नातवंडे बसवा, म्हणजे त्यांना उठता येणार नाही.

नौपाड्याची सून (ठाणे), १ डिसेंबर २०२५

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, म्हणून काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

कोपरीच्या आजींचे म्हणणे आधी ऐकले. त्याच संध्याकाळी मी सासूबाईंना विचारले. त्यांनी पहिल्यांदा विचारले ते असे की, तिची आई त्या दिवशी काय काय करते? मी पुतणसुनेला बोलावले, आणि दोघी तासभर बोलत बसल्या, मधे पुतण्या दुभाषा. शनिवार त्यांनीच ठरवला. गुरुवारी पुतणसून घटाजवळ बसून कहाणी ऐकत होती आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला ओहायोच्या आजीने नातीच्या कपाळावरचे कुंकू पाहिले.

शनिवारी दोन्ही घरांमधले दरवाजे उघडे ठेवून दिवाणखान्यात समोरासमोर दोन ओळींत सतरंज्या घातल्या. घारगे शंभर केले होते, तरी पुरले नाहीत. स्टफिंग थोडे कोरडे झाले, कारण पाव आम्ही दोनाऐवजी तीन दिवस वाळवला होता, पण ते ताटात पडल्यावर पुतणसुनेने पहिल्यांदा वास घेतला आणि काही न बोलता माझा हात धरला. भाकरी-पोळी नव्हती. वरण-भात मात्र सासूबाईंच्या आग्रहावरून होता, आणि भाताचे पातेले आम्ही जाड चादरीत गुंडाळून थेट पंगतीत आणले.

सासूबाई दोनदा उठायला लागल्या. पहिल्यांदा लोणचे आठवले म्हणून आणि दुसऱ्यांदा पाणी भरायला. दोन्ही वेळा धाकट्या नातवाने पदर धरून ठेवला, आणि पाणी थोरल्या दिरांनी भरले. पाने भरून झाल्यावर श्लोक झाला आणि बेलापूरच्या सरांनी सुचवल्याप्रमाणे एकेक प्रसंग सांगायला सुरुवात झाली. सगळे बोलले असे मी म्हणणार नाही. चुलत दिरांनी मान हलवून पुढच्याकडे बोट दाखवले आणि दोन मुले लाजून पळाली. थोरले दीर मात्र बोलले. जूनमध्ये त्यांची नोकरी संपल्यावर पहिले तीन महिने माझे यजमान त्यांच्या मुलीच्या शिकवणीचे पैसे परस्पर भरत होते आणि ते त्यांना ऑगस्टमध्ये शिकवणीच्या बाईंकडून कळले, एवढे त्यांनी सांगितले. ही गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. माझे यजमान पानाकडे पाहत राहिले आणि दीर लगेच वरण मागू लागले.

सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी कोणाचाच प्रसंग सांगितला नाही. पहिला घास घेऊन त्या शेजारी बसलेल्या आतेसासूबाईंना म्हणाल्या, "अगं, भात अजून वाफाळतोय." मी या घरात बावीस वर्षे आहे, आणि त्या वाक्याचा अर्थ मला नीट समजायला क्षणभर लागला. मग माझ्या जाऊबाई उठून आत गेल्या आणि तोंड धुऊन आल्या.

आमच्यात असे ठरले आहे की, येत्या संक्रांतीच्या आणि गुढीपाडव्याच्या जेवणातही शेवटची पंगत ठेवायची नाही. पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या, गार झाल्या तरी चालतील, यावर पुरुषमंडळींनी मान डोलावली आहे. पाडव्याच्या पुरणपोळ्यांचे काय करायचे यावर मात्र अजून एकमत नाही, कारण तव्यावरून पानात पडणारी पोळीच खरी, असे सासूबाई स्वतःच म्हणतात. कोणी आलटून पालटून तव्यापाशी बसण्याची पद्धत घरात यशस्वीपणे राबवली असेल, तर ती कृपया लिहावी.

पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ येत असल्यामुळे मार्गशीर्ष डिसेंबरमध्ये सुरू होईल आणि २६ नोव्हेंबरचा गुरुवार कार्तिकात पडेल, त्यामुळे मुलांनी टर्कीचा विषय आतापासूनच काढला आहे. पुतणसून मात्र जाताना घारग्यांची कृती वहीत लिहून घेऊन गेली.